भेंडीवरचा कढीपत्ता

माझ्या हुद्द्याचं नाव ‘एक्सपोर्ट मॅनेजर’ होतं आणि ते माझं मीच ठेवलं होतं. मामा, म्हणजे माझ्या आईचे सख्खे भाऊ आणि धंद्याचे मालक, माझी ओळख करून देताना नुसतं ‘आमचा भाचा’ म्हणत. कार्डावर ‘भाचा’ छापता येत नाही, म्हणून मी मॅनेजर झालो.

मामा मूळचे कांदे-बटाट्यातले. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तो बाजार मुंबईतून खाडी ओलांडून इकडे वाशीला आला आणि त्याच्या मागोमाग मामाही आले. तुर्भ्याला एक रंगाचा कारखाना बंद पडला होता, त्याची अर्धी शेड त्यांनी भाड्याने घेतली. उरलेल्या अर्ध्या भागात काय चालायचं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, पण दुपारी तिकडून असा काही वास यायचा की भेंडीसुद्धा मान टाकायची. लंडनमध्ये आपल्याकडच्या लोकांची दुकानं आहेत आणि तिथे ताजी भेंडी, कारली, हिरवी मिरची विमानाने जाते, असं मामांना कुणीतरी सांगितलं होतं. भाजी त्यांना कळत होती. हवा होता तो इंग्रजी पत्र लिहिणारा माणूस. मी तेव्हा ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कंपनीत कारकून होतो आणि माझं ‘डिअर सर’ फार सुबक यायचं.

“घरात भेंडी केली की ताट सरकवता,” बायको म्हणाली, “आणि आता ती साता समुद्रापार पाठवणार?”

“म्हणून तर पाठवतोय,” मी म्हटलं आणि नोकरी सोडली.

खोक्यांना भोकं हवीत, नाहीतर आत भाजी गुदमरते, हे मी एका पुस्तकात वाचलं होतं. ती माल भरायच्या आधी पाडायची, हे पुस्तकाने गृहीत धरलं असावं. मी भरून चिकटपट्टी लावलेल्या खोक्यांना मोठ्या दाभणाने, मन लावून भोकं पाडली. त्या खेपेला लंडनच्या गिऱ्हाइकांना भरल्या भेंडीसाठी तयार चिरा दिलेली भेंडी मिळाली. मामांनी फक्त दाभण आपल्या खिशात ठेवलं.

शेडमध्ये भाजी निवडून खोक्यांत भरायला बायका होत्या. सगळ्या मागच्या डोंगरातल्या दगडखाणीतून आलेल्या. त्यांच्यातली मोठी होती तिला सगळे अक्का म्हणायचे, म्हणून मीही म्हणायचो. मोठ्या दुष्काळात मराठवाड्यातलं गाव सोडून ती नवऱ्याबरोबर इथे आली होती आणि खडी फोडत राहिली होती. नवऱ्याची छाती धुळीने भरली, तो आता घरीच खोकत बसायचा. तिच्या उजव्या डोळ्यात दगडाची कपची उडून पांढरा डाग पडला होता आणि डावा डोळाही हळूहळू त्याच्या वळणावर चालला होता. पण भेंडीला डोळे लागत नव्हते. शेंडा बोटांत धरला की कोवळी कुठली आणि जून कुठली ते तिला समजायचं. तिचे हात चालू असायचे आणि तोंडही.

पहिल्याच दिवशी तिने मला विचारलं होतं, “सायेब, तुमी हितं काय करता?”

“मी मॅनेजर.”

“ते झालं. पन करता काय?”

बायका हसल्या. मीही हसलो.

मामांनी सगळ्यांना उभं करून एकदाच सांगितलं होतं. लंडनच्या दुकानदाराने कायमची ऑर्डर दिली तर शेड चालू राहणार. पावसाळ्यापर्यंत दिली नाही तर कुलूप. “मी आपला बटाट्याकडे,” मामा म्हणाले, “आणि आमचे भाचेराव त्यांच्या डिअर सरकडे.” बायका कुठे जाणार ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती. रोज दुपारी डोंगरात सुरुंग उडायचा, शेडचे पत्रे थरथरायचे आणि बायकांचे हात क्षणभर थांबायचे.

“आमाला कुटं जायाचं ते रोज हाक मारतंयच बगा,” अक्का म्हणायची. मग गोणपाटाच्या ओल्या पडद्याकडे तोंड करून जरा वेळ बसायची. आम्ही भाजी गार राहावी म्हणून दारांना गोणपाटं टांगून त्यांवर पाणी मारत असू. “सायेब, आयुष्यात पैल्यांदा सावलीला बसून खातेय. अंगाला वळण लागलं आता. ह्येला परत उन्हात न्या म्हनलं तर ते न्हाई ऐकायचं.”

ऑर्डर मिळेल अशी चिन्हं दिसत नव्हती. लंडनचा दुकानदार आफ्रिकेतून तिथे गेलेला गुजराती होता, माणूस चांगला, पण तक्रारीला चुकायचा नाही. विमानाच्या प्रवासात भेंडी सुकून खाली बसते. आम्ही काठोकाठ भरलेलं खोकं तिकडे उघडलं की वरून रिकामं दिसायचं. गिऱ्हाईक नाक मुरडतं, असं त्याचं म्हणणं. मामा म्हणाले, दाबून भरा. दाबून भरलं तर भेंडी काळी पडली. मला काहीतरी करून दाखवायचं होतं. दाभणाचा डाग धुवायचा होता म्हणा ना.

आणि मला ते वाशीत, आमच्या सेक्टरच्या कोपऱ्यावर सापडलं. तळवलीहून येणारी एक भाजीवाली तिथे बसायची. बायको वांगी घेत होती आणि वजनावरून तिचं तोंड वाकडं झालं होतं. भाजीवालीने बोलणं न थांबवता कोथिंबिरीच्या चार काड्या आणि दोन मिरच्या उचलल्या, पिशवीत वर टाकल्या आणि म्हणाली, “ही घे गो वर. आता झाला ना?” बायकोचा चेहरा लगेच सरळ झाला. वजनात काहीच फरक पडला नव्हता. बाजाराचं सगळं शास्त्र मला त्या क्षणी उलगडलं असं वाटून मी वांग्यांसकट घरी जवळजवळ धावत आलो.

दुसऱ्या दिवशी मी शेडमध्ये हुकूम काढला. प्रत्येक खोक्यात भेंडीवर एक मूठ कढीपत्ता आणि पाच-सहा मिरच्या. खोकं भरलेलं दिसेल, वास घमघमेल, आणि लंडनची गृहिणी झाली तरी ती गृहिणीच. मामा त्या आठवड्यात नाशिककडे माल बघायला गेले होते, म्हणून विचारायला कुणी नव्हतं. खरं सांगायचं तर ते नव्हते हे मला सोयीचंच वाटलं.

अक्काला ही कल्पना इतकी आवडली की ती कल्पना तिचीच आहे असं ती दुपारपर्यंत सांगू लागली. एक बाई मोजून पानं घालत होती तर तिच्या हातावर चापट मारली. “असं बघून घालतेत का? सोयऱ्याला वाढतेस का जेलात? हात घाल, येईल तेवढं उचल, अन् टाक.” वस्तीतल्या झाडांचा कढीपत्ता आणून झाला, मग तळवलीकडून आणवला. शेडला तेव्हा प्रथमच एखाद्या घरासारखा वास आला. बाजूच्या अर्ध्या शेडमधल्या वासालाही त्याने मागे सारलं.

पहिली खेप गेली. लंडनहून तक्रार आली नाही. तक्रार न येणं ही आमच्या धंद्यातली शाबासकीच. मी मिशीला पीळ दिला. मिशी मला तेव्हा होती.

दुसरी खेप गेली आणि ट्रंककॉल आला. फोन मी घेतला. मामा समोरच बसले होते.

“भाई, तुम्हारे पेपर में क्या लिखा है?” दुकानदाराने विचारलं.

“भेंडी.”

“और बक्से में क्या है?”

“भेंडी.”

“भेंडी के ऊपर?”

मी मामांकडे पाठ वळवली. “ऊपर… थोडा कढीपत्ता है. मिर्ची है. वो तो ऐसे ही है शेठ. फ्री.”

मग तो म्हणाला, “इधर एअरपोर्ट का साहब बैठा है. वो पूछता है, फ्री क्यों?”

प्रश्न तसा साधा होता. तिकडे जाणाऱ्या भाजीबरोबर, तिच्यावर रोग-कीड नाही असा इथल्या सरकारचा दाखला जायचा. त्यावर भेंडी लिहिलेली. कढीपत्ता कुणी तपासला नव्हता, कारण तो माल आहे असं आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. न मागितलेली, न लिहिलेली वस्तू कुणी हजारो मैलांवरून फुकट कशाला पाठवेल, हे त्या साहेबाला समजत नव्हतं. त्याच्या जागी मी असतो तर मलाही संशय आला असता.

लेखी खुलासा मागितला गेला. तेव्हा माझं इंग्रजी कामाला आलं. टेलेक्सवर मी लिहिलं की आमच्या देशात भाजी देताना वर एक मूठ प्रेमापोटी घालतात. उत्तर आलं की प्रेमापोटी घातलेल्या पाल्यावर किडीची अंडी सापडली आहेत, सबब सगळी खेप जाळून टाकण्यात येत आहे.

आज त्यावर हसू येतं. पण त्या साहेबाचा प्रश्न माझ्या मनातून पुढेही गेला नाही. फ्री क्यों? भाजीवाली वर टाकते ती कोथिंबीर ना दान असते, ना लाच. घासाघीस झालेली असते, दोघींनी एकमेकींना दोन शब्द सुनावलेले असतात, आणि ते मनात ठेवून कुणी घरी जाऊ नये म्हणून ती मूठ असते. उद्या पुन्हा याच कोपऱ्यावर भेटायचं असतं. म्हणून ती न बघता घालायची. आता ही गोष्ट कुठल्या दाखल्यात, कुठल्या रकान्यात बसवणार? मी समजत होतो की मी गिऱ्हाइकाला खूश करतोय. प्रत्यक्षात मी ज्या माणसाचं तोंडही कधी पाहणार नव्हतो, त्याच्याशी कोपऱ्यावरच्या ओळखीचं वागत होतो. विमानात चढवता येतं ते भेंडीला. ओळखीला नाही.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. “भाचेराव,” ते शांतपणे म्हणाले, “दाभणाने भोकं पाडलीत तेव्हा मी समजलो की याहून खाली काही नसेल. तुम्ही खणत राहिलात.” मग त्यांनी शेडच्या मालकाला निरोप पाठवला की जागा पावसाआधी मोकळी होईल.

बायकांना सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी अक्काला बाजूला घेतलं.

“जाळली?”

“हो.”

“समदी?”

“सगळी.”

“भेंडी बी?”

“भेंडीसुद्धा.”

“भेंडीनं काय केलं व्हतं?”

मी कागदाचं सांगितलं, किडीचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि पदर खांद्यावर ओढून म्हणाली, “मी म्हनत व्हते ना, हे करतेत काय ते एकदा कळायला पायजे. कळलं.” नंतर ती परत जागेवर जाऊन बसली आणि हातातल्या भेंड्यांचे शेंडे तपासत राहिली. त्या दिवशी सुरुंग उडाला तेव्हा ती काहीच बोलली नाही, आणि मला तिची ती रोजची हाक-बिकवाली बडबड हवीशी वाटली.

आठवडाभर आम्ही उरलेला माल दादरला विकत बसलो. मामा बटाट्याच्या लोकांशी फोनवर गोड बोलायला लागले होते. आणि एका सकाळी लंडनचा फोन आला. या वेळी मामांनी तो मला घेऊच दिला नाही, स्वतः घेतला. त्यामुळे मला त्यांच्या बाजूचंच ऐकू आलं.

“हां शेठ… गलती हो गया शेठ… भाचा है, क्या करेगा… क्या?… कौनसा पत्ता?… भेंडी नहीं? सिर्फ पत्ता?”

मामांनी फोन ठेवला. झालं होतं असं की मुठीची पहिली खेप विमानतळावर न उघडता निसटली होती. दुकानात आलेल्या बायकांनी भेंडी तशीच ठेवून वरचा कढीपत्ता उचलून नेला होता आणि आता रोज येऊन ‘तो पाला कधी येणार’ म्हणून दुकानदाराचं डोकं खात होत्या. भेंडी त्याला आफ्रिकेतूनही मिळत होती. असा वासाचा ताजा कढीपत्ता मिळत नव्हता. त्याला तो कायमचा हवा होता, रोजचा, पण कागदावर लिहून, तपासून, एकही अंडं नसलेला. फुकट काहीही नको, हे त्याने दोनदा बजावलं होतं.

शेड वाचली. बायकांनी मला चहा पाजला. मामांनी माझा चहा होईपर्यंत वाट पाहिली आणि मग म्हणाले, “तुमच्या चुका जरा क्रमाने करत जा. न विचारता घालणं आणि न लिहिता पाठवणं, अशा एकदम दोन करू नका, फायदा कुठल्या चुकीचा ते कळत नाही.”

मग पाल्याचं काम सुरू झालं आणि तिथे ते अडलं. दाखला देणारे सरकारी अधिकारी आले आणि त्यांनी बायकांना एक डहाळी उलटी करून दाखवली. पानाच्या मागे, शिरेला चिकटून, खसखशीच्या दाण्याहून बारीक पिवळी अंडी. एकेक पान उजेडाकडे धरून बघायचं, दिसलं की डहाळी फेकायची. तरुण बायकांना ते दोन दिवसांत जमलं. अक्काने साफ म्हणून बाजूला ठेवलेली डहाळी मी भिंगाखाली धरली तर ती अंड्यांनी पिवळी झालेली होती. दुसरी धरली, तीही. मी माझा वाचायचा चष्मा काढून तिला लावून दिला. तिने आधी माझ्याकडेच निरखून पाहिलं.

“सायेब, तुमी लईच थकलेले दिसता की.”

पण अंडी काही तिला दिसली नाहीत. पाल्याला बोटं उपयोगाची नव्हती, आणि शेडमध्ये आता भेंडी येत नव्हती.

“डोळे नाहीत त्या बाईला पाल्यावर बसवून पुन्हा खेप जाळायची का?” मामा म्हणाले. ते बरोबर बोलत होते आणि तेच वाईट होतं. ज्या सावलीसाठी तिचा जीव टांगणीला लागला होता ती सगळ्यांना मिळाली होती, तिला सोडून. आणि ती मिळवून दिली होती माझ्या मुठीने, जी घालायला तिनेच सगळ्यांना शिकवलं होतं.

हे तिला सांगायला मी गेलो आणि नवऱ्याच्या खोकल्याची चौकशी केली. मग उकाड्याबद्दल बोललो. मग आमच्या सेक्टरला पाणी कमी येतं ते सांगितलं.

“आवं, कळलं मला,” ती म्हणाली. “खोकल्यापाशीच कळलं. बाकीच्या बाया ऱ्हातेत नव्हं?”

“राहतात.”

“मग झालं.” तिने डबा उचलला आणि ती गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशी मी दारात पडद्यावर पाणी मारत होतो, कारण ते काम तिचं असायचं, तेवढ्यात ती वस्तीच्या बाजूने येताना दिसली. मागे सून, आणि कडेवर दात येत असलेलं, लाळ गाळणारं एक पोर. ती माझ्या अंगावरून सरळ मामांच्या टेबलापाशी गेली.

“जयभीम मालक. ही सून. हिचे डोळे घारीचे हायेत, तपासून घ्या. ही पाला बघंल आन मी नातू बघन.”

“बरं,” मामा म्हणाले, “बघ की. घरी बघ.”

“घरी न्हाई. हितंच. घरी पत्र्याखाली लेकराची भाजी होतेय.”

“अक्का, इथे पगार पाल्याचा मिळतो. नातवाचा नाही.”

“नातवाचा कोन मागतंय?” तिने शेडभर हात फिरवला. “ह्या बाया घडी-घडी घरी कामून पळतेत, इचारा. ह्येंची लेकरं शेजारच्यांकडं रडत असतेत. ही हाताला पान धरती आन ध्यान तिकडं. मग अंडी लंडनला जातेत. समदी लेकरं हितं आना, मी बघते. मग कुनी जागची हालते का बगा.”

मामांनी बायकांकडे पाहिलं. बायका पाल्याकडे पाहत होत्या, अगदी पानाची शीर मोजल्यासारख्या. मामा व्यापारी होते. सौदा चांगला असला की ते गप्प होत.

“पोरं रडली तर?” त्यांनी शेवटचा खडा टाकून पाहिला.

“तुमचा भाचा हाय की,” अक्का म्हणाली. “त्येला काय काम असतंय?”

महिन्याभरात शेडच्या छपराखालच्या लोखंडी कैच्यांना गोणपाटाच्या झोळ्या लटकू लागल्या, ओल्या पडद्यांच्या आतल्या सगळ्यात गार बाजूला. तिथे आधी पाला ठेवायचा असं ठरलं होतं. मामा येता-जाता म्हणत की हा एक्सपोर्ट आहे की बालवाडी, पण झोळीखालून जाताना ते वाकून जात. अक्का मधोमध खाली बसून पायाच्या अंगठ्याला एक दोरी आणि दोन्ही हातांत दोन दोऱ्या धरायची. बोलायला तोंड मोकळंच असायचं.

दुपारी ती नवऱ्याला भाकर द्यायला जायची तेवढा वेळ दोऱ्या माझ्याकडे असत. लंडनचा फोन नेमका तेव्हाच यायचा. एकदा मी मानेत फोन धरून डहाळ्यांचा हिशेब देत होतो आणि घाईत झोळीला हिसका बसत होता. पडदा बाजूला करून अक्का आत आली, तिने माझ्या हातातली दोरी धरून थांबवली.

“हळू, सायेब. लेकरू हाय ते. इमान न्हाई.”

मी हळू केलं.